उसाच्या चिपाडाचा चुंबकी कार्बन: भुकटी तांबूस येते, चुंबकाला धरत नाही

विटा_एमएस्सी
नमस्कार. प्रोजेक्टसाठी, पाण्यातला रंग काढायला, गुऱ्हाळावरच्या चिपाडापासून चुंबकी सच्छिद्र कार्बन करतेय. २० ग्रॅम वाळलेला भुसा १० ग्रॅम फेरिक क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर भिजवला, १०५ अंशांवर वाळवला आणि झाकणाच्या क्रुसिबलमध्ये मफल भट्टीत ७०० अंशांवर २ तास ठेवला. भुकटी तांबूस झाली. चुंबक लावला तर जेमतेम निम्मी ओढली जाते आणि पाण्यात टाकली की पाणी पिवळं पडतं.
तरी ५० पीपीएम (लिटरमागे ५० मिग्रॅ) मिथिलीन ब्लू हा निळा रंग (५० मिली पाणी, ०.१ ग्रॅम भुकटी) ९९% जातो. पण सूत रंगवणाऱ्या एका युनिटमधलं रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं पाणी घेतलं तर रंग जवळपास तसाच राहतो. गाळायला साधा फिल्टर पेपर वापरते. नेमकं कुठे चुकतंय?

मिरज_कार्बन
तांबूस रंग म्हणजे हेमेटाइट, लोहाचं तांबूस ऑक्साइड. क्रुसिबलच्या झाकणातून हवा आत शिरली, कडेचा कार्बन जळाला आणि लोहाचं पूर्ण ऑक्सिडीकरण झालं. हेमेटाइट चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, आपल्याला पाहिजे तो मॅग्नेटाइट, लोहाचं दुसरं ऑक्साइड, आणि तो काळा असतो. कोल्हापूरला विद्यापीठात एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) करून घेणार असाल तर ३३.२ अंशांवर शिखर दिसतंय का बघा. ते हेमेटाइटचं. मॅग्नेटाइटचं मुख्य शिखर ३५.५ ला येतं, पण तिथेच हेमेटाइटचंही एक असतं, म्हणून एकट्या ३५.५ वर विसंबू नका.
नायट्रोजनची सोय नसेल तर छोटं क्रुसिबल मोठ्या क्रुसिबलमध्ये ठेवून मधली जागा कोळशाच्या भुकटीने ठासून भरा. आत शिरणारी हवा आधी तो कोळसा खातो. आणि भट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. गरम सच्छिद्र कार्बनला हवा लागली की तो आतून धुमसतो, वरून कळतही नाही.
पण खरं सांगायचं तर मी एकाच फेरीत दोन्ही कामं करू नका म्हणेन. आधी कार्बन, मग लोह.
कार्बनसाठी भुसा आणि झिंक क्लोराइड वजनाने सारखं घ्या, वाळवा, ५०० अंशांवर १ तास ठेवा. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि नंतर गरम पाण्याने धुवा. हे धुणं लोह बसवायच्या आधीच व्हायला हवं, नंतर आम्ल लावलं तर मॅग्नेटाइटच विरघळून जाईल. धुण्याच्या पाण्यात जस्त असतं, ते सिंकमध्ये ओतू नका.
आता लोह. २०० मिली डिस्टिल्ड पाणी १० मिनिटं उकळून विरघळलेला ऑक्सिजन घालवा. पाणी ७० अंशांवर आलं की १० ग्रॅम कार्बन, ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड (६ पाण्याचं) आणि २.८ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) टाका. अर्धा तास ढवळून २ मोलर कॉस्टिक थेंबथेंब सोडा. ४० मिलीच्या थोडं पुढे पीएच १०.५ च्या आसपास येतो. तिथे तासभर ठेवा, पाण्याचा पीएच ७ येईपर्यंत धुवा आणि ६० अंशांवर वाळवा. यात सुमारे २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट बसतो, म्हणजे एकूण वजनाच्या १९% च्या आसपास. चुंबकाला तेवढा पुरतो. जास्त घातलात तर छिद्रं बुजतात आणि रंगाला जागा उरत नाही.
हिराकस फिकट हिरवी हवी. खड्यांवर तांबूस थर असेल तर ती हवेने बिघडलेली आहे, फेरिक आणि फेरस लोहाचं २:१ चं प्रमाण तिथेच चुकतं.
पिवळं पाणी म्हणजे न बसलेलं लोह. धुतलेल्या पाण्याचे काही थेंब घ्या, किंचित आम्ल करून अमोनियम थायोसायनेट टाका. लाल होतंय तोवर धुणं संपलेलं नाही.

पृथक्करण
मॅडम, फिल्टर पेपर आधी बंद करा. कागद सेल्युलोजचा, तो मिथिलीन ब्लू स्वतःच धरतो. कार्बन न टाकता नुसतं रंगाचं पाणी त्यातून गाळून बघा, कागद निळा होईल. चुंबकाने भुकटी ओढून वरचं पाणी घ्या, नाहीतर सेंट्रिफ्यूज करा.
दुसरं, ५० मिलीत २.५ मिग्रॅ रंग आणि त्याला १०० मिग्रॅ भुकटी. सगळा रंग गेला तरी २५ मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या वर आकडा येऊच शकत नाही. भुकटीची खरी क्षमता यातून कळत नाही. ०.०५ ग्रॅम घेऊन ५० पासून ४०० पीपीएमपर्यंत पाच-सहा बाटल्या लावा. ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाला ५ पीपीएमलाच शोषणांक (रंग किती प्रकाश शोषतो तो आकडा) १ च्या पुढे जातो, त्यामुळे मोजण्याआधी पातळ करावंच लागेल.

कुपवाड_डाइंग
रिअ‍ॅक्टिव्हचं पाणी का अडतं ते सांगतो. मिथिलीन ब्लूवर धन भार असतो, रिअ‍ॅक्टिव्ह रंगांवर सल्फोनेट गट, म्हणजे ऋण भार. रंगाच्या पाण्याचा पीएच १० ते ११. त्या पीएचला कार्बनचा पृष्ठभागही ऋण, मग दोघं एकमेकांना ढकलणारच. कार्बनचा शून्यभार पीएच (जिथे पृष्ठभागावर एकूण भार शून्य असतो तो) काढा: ०.०१ मोलर मिठाच्या पाण्याच्या पाच बाटल्या पीएच २, ४, ६, ८, १० वर लावा, प्रत्येकीत ०.१ ग्रॅम भुकटी, झाकण घट्ट, २४ तास हलवत ठेवा. ज्या पीएचला काही बदल होत नाही तो तुमचा आकडा. पाणी त्याच्या खाली आणायचं, पण ४ च्या खाली नको, तिथे लोह सुटायला लागतं. शिवाय हे रेणू मिथिलीन ब्लूपेक्षा बरेच मोठे असतात, बारीक छिद्रांत शिरत नाहीत. मिरजकरांनी सांगितलेली झिंक क्लोराइडची पद्धत या बाबतीत बरी, छिद्रं जरा मोठी मिळतात.
आपल्याकडच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी एक. कॅल्शियम मिथिलीन ब्लूच्या जागा अडवतं, आणि सोडा अ‍ॅश असलेल्या पाण्यात चुन्याची पांढरी पुटं कार्बनवर बसतात. डिस्टिल्ड आणि बोअर, दोन्ही पाण्यांत चाचणी करून आकडे शेजारी शेजारी लिहा.

विटा_एमएस्सी
मनापासून आभार. रोजच्या १००० लिटरला हे झेपेल का? भुकटी परत वापरता येईल?

कुपवाड_डाइंग
ताई, हिशेब करा. पाण्यात १०० पीपीएम रंग धरला तर १००० लिटरमध्ये १०० ग्रॅम. खऱ्या पाण्यात ग्रॅममागे ५० मिग्रॅ मिळाले असं समजा, तर रोज २ किलो भुकटी. ०.१ मोलर कॉस्टिकने रिअ‍ॅक्टिव्ह रंग बराच सुटतो, पण दर फेरीला क्षमता घटते आणि सुटलेला रंग त्या कॉस्टिकमध्ये तसाच असतो, त्याची विल्हेवाट वेगळी. चिपाडही फुकट धरू नका, गुऱ्हाळाच्या चुलीला तेच लागतं. म्हणून आधी तुरटीने साका बसवून घ्या आणि उरलेल्या रंगापुरताच हा कार्बन वापरा.

मिरज_कार्बन
परत वापरण्याआधी एक करा. भुकटी बीकरमध्ये ढवळून बाहेरून निओडिमियम चुंबक २ मिनिटं लावा. त्यानंतरही पाण्यात तरंगणारी काळी धूळ ओतून टाका. तिच्यावर लोह बसलेलंच नसतं, आणि तुमच्या शोषणांकाच्या आकड्यात तीच घुसते.