माजी विद्यार्थ्यांचा सत्कार: देणगी देणाऱ्यांचा करायचा की गावात राबणाऱ्यांचा?

वर्धेकर (धागाकर्ता)
आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी मेळावा जवळ आला की ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो, सत्कार कोणाचा करायचा. यंदा 'समाजसेवा व नेतृत्व गौरव' म्हणून कमिटीने जी नावं काढली ती सगळी नव्या सभागृहाला मोठी देणगी दिलेल्यांची. आमच्या ओळखीतला एक जण आदिवासी भागात कुपोषणावर कित्येक वर्षं काम करतोय, मी त्याचं नाव सुचवलं तर उत्तर आलं "त्याचं पुढच्या वर्षी बघू". मला हे मनापासून खटकलं म्हणून इथे मांडतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. पुरस्काराच्या नावात समाजसेवा लिहिता ना, मग काम बघून द्या. देणगीदारांचे आभार मानायचेत तर जरूर माना, हॉलला नाव द्या, पाटी लावा, पण दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. समोर बसलेल्या फर्स्ट इयरच्या पोरांना त्यातून काय दिसतं याचा तरी विचार करा.

नागपूरचं शासकीय मेडिकल कॉलेज घ्या, १९४७ सालचं. प्रकाश आमटे आणि मंदाताई तिथलेच, सर्जरीचं पुढचं शिक्षण सोडून डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाच्या जंगलात गेले. अभय बंग, राणी बंग तिथलेच. मेळघाटात बैरागडला एक-दोन रुपये फी घेऊन पेशंट बघणारे रवींद्र कोल्हे तिथलेच, आणि महाडला विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देऊन माणसं वाचवणारे हिम्मतराव बावस्कर पण तिथलेच. एका कॉलेजातून एवढी माणसं! आमटेंना पद्मश्री २००२ ला, पुढे २००८ ला दोघांना मिळून मॅगसेसे, बंग दांपत्याला पद्मश्री २०१८, कोल्हेंना २०१९, बावस्करांना २०२२. म्हणजे बाहेरच्या जगाने दखल घेतलीच. माझा प्रश्न आपल्या घरचा आहे, की राज्यातल्या कुठल्याही कॉलेजने अशा माणसाला शाल-श्रीफळ दिल्यावर पुढे काय केलं? त्याच्याकडे आपली पोरं पाठवली का? इंटर्नशिपमधला एक महिना तिथे ठेवला का? ते होत नसेल तर सत्कार फोटोपुरताच राहतो.

कोथरूडकर
असहमत. भावना पोचली पण देणगीदारांना असं दुसऱ्या पंगतीला बसवणं मला पटत नाही.

नंदन निलेकणी आयआयटी मुंबईत १९७३ ला शिरले, २०२३ ला त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी ३१५ कोटी दिले, आधीचे ८५ धरले तर ४०० कोटी होतात. आधीच्या पैशातून हॉस्टेलला पण मदत झालीय. त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने सगळ्यांनी मिळून ५७ कोटी दिले. आता मला सांगा, त्या हॉस्टेलमध्ये लातूर-नांदेडहून आलेला, घरी शेती असलेला पोरगा राहतो, तिथल्या लॅबमध्ये काम करतो, ही समाजसेवा नाही का? सरकारी अनुदानात पगार भागतात हो, नवीन काही उभं करायचं तर पैसा कुठून आणणार. आपल्याकडे देवस्थानाला देतील, लग्नात उडवतील, पण कॉलेजला द्यायची सवयच नाही. जे चार लोक देतात त्यांना स्टेजवर बोलावून मान दिला तर पुढचे दहा देतील. मी स्वतः दिलेत आमच्या कॉलेजला, आणि ते कामाइतकंच मोलाचं आहे असं मी ठामपणे म्हणेन.

वर्धेकर
@कोथरूडकर देणगी वाईट असं मी कुठंच म्हटलेलं नाही सर. निलेकणींनी दिले ते उत्तमच केलं. पण तो मान 'दानशूर माजी विद्यार्थी' म्हणून द्या ना. नाव एक आणि निकष दुसरा, एवढीच तक्रार आहे.

शिक्षिका_बाई
मी एका कॉलेजात शिकवते आणि कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे कमिट्या असं का वागतात ते सांगते. नॅकच्या ग्रेड देण्याच्या जुन्या पद्धतीत पाचव्या निकषाचा शेवटचा भाग माजी विद्यार्थ्यांचा असायचा. त्यात विचारायचे, तुमची माजी विद्यार्थी संघटना नोंदणीकृत आहे का, आणि माजी विद्यार्थ्यांकडून किती लाख रुपये आले. रक्कम भरायला जागा होती, तिला गुण होते, ऑडिट केलेला कागद जोडता यायचा. आता एखाद्या माजी विद्यार्थिनीने तीस वर्षं पाड्यावर शाळा चालवली तर ते वर्णनात चार ओळीत लिहायचं, त्याला रकमेसारखा थेट गुण नव्हता. प्राचार्य काय वाईट माणसं नसतात, पण डोक्यावर ग्रेडची टांगती तलवार असली की आकडा देणारा माणूसच आधी आठवतो. तुम्ही कमिटीवर चिडलात ते समजू शकते, पण मूळ दुखणं त्या फॉर्ममधून आलंय, नव्या पद्धतीत कामालाही गुण मागायला हवेत.

आणि विद्यापीठांचं म्हणाल तर सगळीच तशी नाहीत. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारीला वर्धापनदिनी जीवनसाधना गौरव पुरस्कार देतं, त्यात शिक्षण, समाजकार्य, कला अशी वेगवेगळ्या क्षेत्रातली माणसं असतात.

झाडीपट्टी
दोघायचंही बाजूला ठेवा भाऊ, मले हा पुरस्कारच काहून पाहिजे ते समजत नाही.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करतो, गडचिरोली जिल्ह्यात. बंग सर, आमटे सर यांच्याबद्दल आदर आहेच, त्यांचं काम जवळून पाह्यलं आहे. पण दरवेळी तेच तेच नाव घेऊन आपण काय करतो माहीत आहे का, गावातलं काम म्हणजे संतांचं काम असं पोरांच्या डोक्यात भरवतो. साधा डॉक्टर म्हणतो आपण काही आमटे नाही, आपल्याच्यानं होणार नाही, आणि सरकारी सेवेचा बॉण्ड टाळायला दहा लाख भरून मोकळा होत आलाय. किती वर्षं हेच चाललं सांगा. रुरल पोस्टिंग ही चार चौघांसारखी नोकरी असली पाहिजे, क्वार्टरला पाणी, पगार वेळेवर, पोरांना शाळा, रात्री सोबत नर्स. हे सरकारचं काम आहे, आणि पुरस्काराच्या झगमगाटात सरकार सुटून जाते. कोल्हे दांपत्याचंच घ्या, मंत्र्यानं घर बांधून देतो म्हटलं तर त्यांनी रस्ते मागितले. त्यांना कळलं होतं काय लागते ते.

आणखी एक. माजी विद्यार्थी म्हटलं की डिग्रीवाला आला. नव्वदच्या दशकात बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बाया शिकवून आरोग्यदूत केल्या, घरी जाऊन नवजात बाळाला तपासायचं, निमोनिया ओळखायचा, औषध द्यायचं. ३९ गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५ वर आले, तीन वर्षांत, १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढं २०११ पासून देशभर आशा ताई तेच काम करतात. ज्या दायांना शंभरपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक साधं यंत्र होतं, एका मिनिटाची वाळूची घडी अन् बाजूला तारेत ओवलेले मणी, बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला की समजायचं श्वास जास्त आहे, निमोनिया आहे. रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात ते मणी सरकवणारी बाई कोणत्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी आहे? तिचा सत्कार कोण करणार?

मधुरा
@झाडीपट्टी दादा, शेवटच्या परिच्छेदाला अगदी मनापासून +१. पण पुरस्कारच नको याला माझा विरोध आहे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, कारण आमची नावं तशीही मागेच राहतात.

या धाग्यावरच बघा, 'बंग दांपत्य', 'कोल्हेंना'. २०१९ ची पद्मश्री रवींद्र आणि स्मिता कोल्हे दोघांची होती. मंदाताई भूलतज्ज्ञ आहेत, हेमलकशात ऑपरेशन व्हायची त्यात भूल द्यायच्या त्या, आणि निवेदक ओळख करून देताना "त्यांच्या खांद्याला खांदा लावून साथ देणाऱ्या" म्हणतो. साथ कसली, स्वतःचं काम आहे ते. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली, १९८९ ला लॅन्सेटमध्ये आली, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत सरकारी कार्यक्रमात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, त्यापलीकडे विचारच नव्हता. जगभर धोरणांच्या चर्चेत हा अभ्यास आला. पण आपल्याकडे किती गायनॅकच्या विद्यार्थिनींना हे राणीताईंचं काम म्हणून माहिती आहे? म्हणून मला वाटतं की कॉलेजने आपल्या माजी विद्यार्थिनीचा सत्कार करावा, तिच्या एकटीच्या नावाने करावा, आणि त्या दिवशी तिला हारतुऱ्याऐवजी तासभर तिच्या कामावर बोलू द्यावं, पोरींना प्रश्न विचारू द्यावेत. बहुतेक कार्यक्रमात सत्कारमूर्तीला पाच मिनिटं मिळतात आणि पाहुण्यांची भाषणं दीड तास.

वर्धेकर
मधुराताई, बरोबर आहे तुमचं. राणीताई, स्मिताताई यांच्या कामाचा उल्लेख स्वतंत्र यायला हवा.

खानदेशी_पोरगा
देणगीवाल्यांनाच मान मिळतो हे सरसकट खरं नाही. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे, १९७५ चे इंजिनिअर. पुण्याला टेल्कोत होते, तिथून १९७८ ला रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादला विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपासून मुलांसाठी खेळणी करायला लागले. सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे छोटे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या, त्या जोडून त्रिकोण, चौकोन, मग घनाकृती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, आमच्या सरांनी हे वर्गात करून घेतलं होतं, चौकोन दाबला की वाकतो आणि त्रिकोण वाकत नाही हे तेव्हा हाताला कळलं, पुलाला त्रिकोण का असतात ते मला नंतर कुणाला विचारायला लागलं नाही. या माणसाला आयआयटी कानपूरने २००० सालीच डिस्टिंग्विश्ड अॅलम्नस पुरस्कार दिला, पद्मश्री अठरा वर्षांनी आली. म्हणजे संस्थेने ठरवलं तर सरकारच्या आधी ओळखता येतं, आणि ते ओळखणं महत्त्वाचं आहे कारण पद्मश्रीनंतर तर सगळेच बोलावतात.

सेवाग्राम_जुनी_बॅच
उशिरा आलो धाग्यावर. मला वाटतं सगळे शेवटच्या टोकाबद्दल भांडतायत, सुरुवातीचं कोणी बोलत नाहीये.

आमच्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात, १९६९ चं, सुशीला नायर यांनी काढलेलं, प्रवेश झाला की आधी आश्रमात शिबिर असतं, पहाटे प्रार्थना, सफाई, सूतकताई. नंतर प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही घरं दिलेली असतात, आणि पुढची काही वर्षं त्याच घरांत जायचं असतं. पहिल्या वेळी दारातूनच वाटेला लावणारी म्हातारी नंतर बीपीची गोळी संपली म्हणून स्वतः निरोप धाडते, ते पुस्तकात शिकवता येत नाही. आमच्या वेळी पुढे तिथेच पीजी करायचं तर दोन वर्षं खेड्यात सेवा लागायची. वेल्लोरच्या सीएमसी मेडिकल कॉलेजात पण मिशन हॉस्पिटलांनी पाठवलेल्या विद्यार्थ्यांना नंतर तिकडे सेवा द्यावी लागते, आणि त्यांच्याकडे खास ग्रामीण भागात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी पॉल हॅरिसन पुरस्कार आहे. जामखेडला गावोगाव आरोग्याचं काम उभं करणारे रजनीकांत आणि मेबल आरोळे तिथलेच. जामखेडचं काम १९७० ला सुरू झालं, मॅगसेसे १९७९ ला मिळालं.

म्हणजे तिथे पुरस्कार अधांतरी नाहीये, शिकतानाच जे करायला लावलं त्याचाच तो पुढचा भाग आहे. ज्या कॉलेजने पाच वर्षांत पोराला एकदाही गाव दाखवलं नाही, त्याने वीस वर्षांनी 'आमचा विद्यार्थी' म्हणून छाती फुगवावी हे मला तरी पटत नाही. झाडीपट्टी म्हणतात तसं साध्या डॉक्टरला पण मग ते आवाक्यातलं वाटतं, कारण तो तिथे राहून आलेला असतो.

झाडीपट्टी
हे पटलं. सक्तीची बॉण्ड पोस्टिंग अन् आधीपासून ओळख असलेलं गाव यात फरक पडतेच. पण सेवाग्रामहून बाहेर पडलेले सगळे गावात राहतात का, तर नाही, बरेच जण शहरातच आहेत. पगार-क्वार्टरचा माझा मुद्दा तिथंच उभा आहे.

कोथरूडकर
एक विचारतो, भांडायला नाही. वर्धेकर, तुम्ही म्हणालात की सत्कारानंतर पोरं त्या माणसाकडे पाठवा. पाठवायला प्रवास, राहणं, जेवण, सोबत एक शिक्षक, हा खर्च कॉलेजच्या कुठल्या हेडमधून निघणार? शिक्षिकाबाईंनी सांगितलंच आहे फॉर्म कसा असतो ते. हेच आमच्यासारख्यांचं काम. आमच्या बॅचला मी विचारून बघतो, दरवर्षी दहा इंटर्नचा महिन्याचा खर्च उचलायला लोक तयार होतील. मात्र त्या लोकांना त्याच स्टेजवर, त्याच दिवशी मान मिळावा या मतावर मी अजूनही ठाम आहे.

शिक्षिका_बाई
अशी देणगी आली तर नॅकला पण दाखवता येते, पावती फक्त संघटनेच्या नावाने घ्या, व्यक्तीच्या नको.

वर्धेकर
मान त्याच दिवशी द्यायला माझी हरकत नाही, पुरस्काराचं नाव मात्र वेगळं हवं, यावर मी पण हटत नाही. कमिटीला पत्र लिहितोय, दहा इंटर्नचा मुद्दा घालतो. मधुराताई, तासभर बोलू द्यायचं तेही घालतो.

झाडीपट्टी
पत्रात हेही लिहा की पोरं जुलै-ऑगस्टात पाठवा. डिसेंबरात सगळेच येतात, थंडी असते, फोटो चांगले येतात. मलेरिया, साप चावलेले, अडलेल्या बाळंतिणी हे सगळं पावसाळ्यात येते, अन् पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटते, तेव्हा पेशंट रेफर करता येत नाही, आहे त्यातच निभवावं लागते. तेव्हा एक जादा हात असला तर आमच्या खरंच कामी येईल.