वाचनालयाची यादी मायएसक्यूएलमध्ये घेताना 'डुप्लिकेट एन्ट्री' येतेय, प्रायमरी की कोणत्या रकान्याला करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयातली अकरा हजारांवर पुस्तकं संगणकावर घ्यायचं काम मी अंगावर घेतलंय. दोघीजणींनी चार महिने बसून दाखल रजिस्टरावरून (आलेल्या प्रत्येक प्रतीला क्रमांक देऊन नोंद करतात ती वही) एक्सेल भरली. आता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून ती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाकतोय आणि गाडी तिथेच अडलीय.

प्रत्येक पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) वेगळा असतो म्हणून तोच प्रायमरी की (नोंद ओळखायचा, पुन्हा न येणारा रकाना) केला, प्रकार इंट, म्हणजे पूर्णांक. पहिली नोंद आत गेली, दुसरीला संदेश आला:

डुप्लिकेट एन्ट्री '२१४७४८३६४७' फॉर की 'प्रायमरी'

हा आकडा माझ्या फाइलमध्ये कुठेच नाही! शोधल्यावर कळलं, इंटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच. आमच्याकडे स्ट्रिक्ट मोड (न मावणारा आकडा नाकारणारी सेटिंग) बंद आहे, त्यामुळे तेरा आकडी आयएसबीएन न मावता सगळ्यांच्या जागी हाच बसतो. मग बिगइंट (मोठे आकडे मावणारा प्रकार) केलं, तर '९७८८१७०००००००' डुप्लिकेट. एक्सेलनं सीएसव्हीत ९.७८८१७ई+१२ असं लिहून ठेवलं होतं, शेवटचे आकडे गायब.

शिवाय जुन्या कादंबऱ्यांवर आयएसबीएन नाहीच, आणि एका पुस्तकाच्या तीन-तीन प्रती आहेत. म्हणून दाखल क्रमांक की केला. तर बालविभागाचं रजिस्टर पुन्हा १ पासून सुरू होतं. त्यात एकीनं क्रमांक मराठी आकड्यांत टाइप केलेत, मायएसक्यूएलला ते कळत नाहीत, सगळे ० होऊन आपसात भांडतात.

वैतागून 'डुप्लिकेट सोडून द्या' हा पर्याय लावला. इम्पोर्ट बिनबोभाट झालं, पण मोजलं तर सव्वादोन हजार पुस्तकं कमी. यातली कितीतरी लोकांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली आहेत, एकही हरवून चालणार नाही.

विभाग आणि दाखल क्रमांक मिळून की करू, की वेगळा आयडी देऊ? देवघेवीचं टेबलही त्यावरच जोडायचंय.

प्रतिसाद १

वेगळा, आपोआप वाढणारा आयडी द्या, तीच प्रायमरी की. विभाग + दाखल क्रमांक यांवर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दोनदा येणार नाही. उद्या एखादा दाखल क्रमांक चुकीचा निघाला तर तो एकाच जागी बदलेल, देवघेवीच्या नोंदींना हात लावावा लागणार नाही.

आयएसबीएन हा पुस्तकाचा असतो, प्रतीचा नव्हे. तो व्हारकार (मजकुराचा प्रकार) ठेवा, रिकामा चालू द्या, युनिक करू नका. २००७ च्या आधीचे दहा आकडी असतात, काहींच्या शेवटी एक्स असतो, इंग्रजी पुस्तकांचा सुरुवातीचा शून्य एक्सेल खाऊन टाकतं. मूळ एक्सेलमध्ये तेरा आकडे अजून शाबूत असतील. कॉलमचा फॉरमॅट नंबर, दशांश शून्य करून पुन्हा सीएसव्ही काढा.

आणि थेट खऱ्या टेबलात कधीच ओतू नका. आधी एक कच्चं टेबल करा, सगळे कॉलम व्हारकार, की नाही. त्यात मराठी आकडे रिप्लेसनं बदला, मग विभाग आणि दाखल क्रमांकावर ग्रुप बाय (सारख्या नोंदी एकत्र करून मोजणं) लावून एकाहून जास्त वेळा आलेले बाहेर काढा. ते निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. कच्च्या टेबलात सगळी पुस्तकं आली, रजिस्टराशी बेरीज जुळली. ग्रुप बाय केल्यावर १४ जोड्या उरल्या, सगळ्या ३४८६ ते ३४९९ मधल्या. रजिस्टर उघडून बघितलं: एक पान ३४९९ वर संपतं आणि पुढचं पान परत ३४८६ पासून सुरू होतं. तेव्हाच्या ग्रंथपालांकडून पान उलटताना चूक झाली असणार. पुस्तकांच्या पाठीवरही तेच क्रमांक आहेत. दुसऱ्या पानावरच्या चौदांना रजिस्टराच्या शेवटचे नवे क्रमांक द्यावेत, की ३४८६-अ असं करावं? वाचनालयात काम केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.