जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो' ऐकताना सम हुकते

प्रश्न (राजारामपुरीकर): डीप पर्पल आणि लेड झेपेलिन हे रॉक बँड ऐकत मी मोठा झालो. गेल्या आठवड्यात जेफ बेकचा १९७५ सालचा 'ब्लो बाय ब्लो' हा अल्बम पहिल्यांदाच सलग ऐकला. यार्डबर्ड्स या बँडमध्ये गाजलेल्या या रॉक गिटारवादकाने इथे गायकाला रजाच दिली आहे, त्यामुळे कशाला धरून ऐकावे हेच कळत नाही. लहानपणी थोडा तबला शिकलो असूनही शेवटच्या 'डायमंड डस्ट'मध्ये माझी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) दर वेळी हुकते. याला जॅझ म्हणावे की रॉक?

तिहाई: सम हुकते, कारण आपण सवयीने चार मोजता आणि ती रचना पाचाची आहे. झपतालाच्या दहा मात्रांचा अर्धा भाग डोळ्यांसमोर आणा, मात्र 'धी ना, धी धी ना' तिच्यावर जसेच्या तसे बसवू नका. पाचाचे गट कुठे तुटतात ते बास गिटारकडून ऐकून घ्या. 'स्कॅटरब्रेन'ची मुख्य धून नवाची आहे आणि लयही चढी आहे, तेव्हा ती नंतर घ्यावी.

जुन्या तबकड्या: जॅझ की रॉक, या वादाने हाती फारसे लागत नाही; बेक जॅझकडे कसा वळला, हे पाहावे. ड्रमवादक बिली कॉबमचा 'स्पेक्ट्रम' हा अल्बम (१९७३) आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा जॅझ-रॉक बँड यांनी बेकला भारून टाकले होते. महाविष्णूच्या 'अपॉकॅलिप्स' या अल्बमचे (१९७४) निर्माते जॉर्ज मार्टिन होते, म्हणजे बीटल्सचे निर्माते तेच मार्टिन, आणि बेकने आपले कामही त्यांच्याच हाती दिले. 'स्कॅटरब्रेन' आणि 'डायमंड डस्ट' यांमागची व्हायोलिने मार्टिन यांनी बांधलेली आहेत. (माझ्या मते दुसऱ्या रचनेत ती जरा जास्तच गोड झाली आहेत.) विशेष म्हणजे गायक नसलेला हा अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मॅक्स मिडलटनच्या कीबोर्डकडेही लक्ष द्या. 'फ्रीवे जॅम' ही त्याचीच रचना आहे.

सहावी तार: वरील दोघांनी हिशेब सांगितला, पण सुरुवात सुरापासून करावी असे मला वाटते. 'कॉज वुई हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स' ही स्टीव्ही वंडरची रचना बेकने रॉय बुकॅनन या गिटारवादकाला अर्पण केली आहे. तार छेडताना गिटारवरची आवाजाची कळ मिटलेली ठेवायची आणि लगेच करंगळीने ती उघडायची, म्हणजे छेडल्याचा आघात लपतो आणि स्वर व्हायोलिनच्या गजाने काढल्यासारखा फुलत येतो. माझे वडील कोल्हापूरच्या देवल क्लबमधील शास्त्रीय संगीताच्या बैठकांना नेमाने जाणारे. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे गोंगाट, हे त्यांचे ठाम मत. एकदा ही रचना चालू असताना त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, "अरे, हा तार छेडतोय कधी?" पुढची दोन मिनिटे ते काहीच बोलले नाहीत.

राजारामपुरीकर: सर्वांचे आभार. आज पहाटे रंकाळ्यावर चालताना कानात 'डायमंड डस्ट' लावून पावलागणिक एक मात्रा मोजली. पाच विषम असल्यामुळे सम एकदा उजव्या पायावर येते, पुढच्या आवर्तनात डाव्यावर. चारात ती कायम एकाच पायावर पडत असणार, हे कधी लक्षातच आले नव्हते. आता ती हुकत नाही. 'स्कॅटरब्रेन'साठी मात्र बहुधा पळावे लागेल.