सिरिंज नेतात, पण ओएसटीला टिकत नाहीत: काय बदलावं?

कुर्ला_आउटरीच: इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठीच्या टीआय (एचआयव्ही रोखण्यासाठीच्या 'टार्गेटेड इंटरव्हेन्शन') प्रकल्पात काम करते. लोक सुया-सिरिंज नेतात, वापरलेल्या मात्र परत येत नाहीत. ओएसटीला (नशेऐवजी रोज औषधाचा डोस देण्याच्या उपचाराला) नाव घातलेले बरेच जण आठवडाभरात गळतात. कुठे चुकतंय?

नर्स_सायन: ताई, आधी पहिला डोस कधी देताय ते बघा. ब्राउन शुगर (हेरॉइन) अंगात असताना बुप्रेनॉर्फिन (ओएसटीची गोळी) दिलं की माणसाला तिथेच जोराची टर्की (नशा तुटल्याचा त्रास) लागते. तो परत येत नाही, वर अड्ड्यावर सगळ्यांना सांगतो की गोळीनेच त्रास होतो. शेवटच्या नशेनंतर ८ ते १२ तास जाऊ द्या. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा दिसला की मग २ ते ४ मिग्रॅ. दोन तास बसवून ठेवा, त्रास उरला तर डॉक्टर त्याच दिवशी वाढवतील. दुसरी चूक म्हणजे आठवडाभर २ वरच अडकणं. बऱ्याच जणांना ८ मिग्रॅ किंवा जास्त लागतं. कमी पडलं की संध्याकाळी पुन्हा सुई. गोळी जिभेखालीच विरघळू द्यायची, गिळली तर फारसा उपयोग नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यात का, हे रोज विचाराच. दोन्ही एकत्र आलं की श्वास मंदावतो.

नाका_पीअर: वेळ बदला! नाक्यावर सकाळी मजुरी धरणारा माणूस १० वाजता उघडणाऱ्या केंद्रात येणार कसा? सातला उघडा. चार-पाच दिवस आला नाही तर नाव कापू नका, शोधून आणा. मात्र जुना डोस तसाच सुरू न करता डॉक्टरांना दाखवा.

सिरिंजला 'एक द्या, एक घ्या' अट नको. दिवसाला तीनदा टोचणाऱ्याला आठवड्याला २१ लागतात, सुट्टीआधी जास्त द्या. वापरलेली सुई खिशात सापडली तर पोलीस धरतील, ही भीती खरी आहे. म्हणून जाड प्लास्टिकचा डबा तुम्हीच रुळांकडे, पुलाखाली न्या. चिमट्याने उचला, टोपण परत लावू नका. टोचलंच तर साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठा. पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस चालते.

कुर्ला_आउटरीच: पोलिसांचं काय करायचं?

वकील_दादर: एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ चं कलम २२ वाचा: सुया वाटणं, ओएसटी देणं हा गुन्हा ठरत नाही. त्याची मराठी प्रत आणि प्रकल्पाचं पत्र घेऊन ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, बदली झाली की नव्यांना पुन्हा. सभासदांची यादी मात्र कुणालाही देऊ नका. एकदा नावं फुटली की त्या वस्तीतून कुणी येत नाही.