गाळाच्या टाइल्सना भाजून आठवडा झाल्यावर टवके उडतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. आमच्या गल्लीतल्या बारा बायका आणि शेजारच्या शाळेतली मुलं मिळून उन्हाळ्यापासून एक भित्तिचित्र करतोय. विषय रंकाळा. शालिनी पॅलेस, संध्यामठ सगळेच काढतात, आपण पाण्यात आणि काठावर जगणारं सगळं घ्यायचं असं ठरलं. सहा इंची 96 टाइल्स. प्रत्येकाने सकाळी तळ्यावर जाऊन स्वतः पाहिलेलं एकच काहीतरी घडवायचं. कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी पक्षी, जांभळी पाणकोंबडी, इथे बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, फुगीर देठाचं केंदाळ. एका आजींनी नुसती पाण्यावरची हिरवी साय केली आहे. मला विचाराल तर तीच सगळ्यांत सुंदर.

माती कुंभारमामांची. पण तळ्याचं चित्र तळ्याच्याच मातीत हवं, असा मुलांनी हट्ट धरला. काठावर सुकलेला गाळ आणला, तीन भाग माती आणि एक भाग गाळ मळला. अशा 40 टाइल्स झाल्या, बाकीच्या नुसत्या मातीच्या. सावलीत तीन आठवडे वाळवून मामांच्या आव्यात भाजल्या. सगळ्या छान निघाल्या, एकही तडकली नाही.

आठवड्याभराने पाऊस लागला आणि गाळाच्या टाइल्सवरून नखाएवढे टवके आपोआप उडायला लागले. कुणी हात लावलेला नाही, कपाटात ठेवलेल्या. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. नुसत्या मातीच्या टाइल्सना काहीही झालेलं नाही. मामा म्हणतात, "ताई, मातीत खडा राहिलाय." पण आम्ही खडे वेचले होते. वरून पारदर्शक वॉर्निश मारलं तर थांबेल का? रोज एकदोन टाइल्स जातायत, मुलांना काय सांगू कळत नाही.

प्रतिसाद:
ताई, मामा बरोबर आहेत, फक्त तो खडा दगडाचा नाही, चुन्याचा आहे. तळ्याच्या गाळात गोगलगायींच्या शंखांचा चुरा असतो. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आव्यात साधारण 800-900 अंशांना त्याचा कळीचुना बनतो. तो पुढे हवेतला दमटपणा ओढून फुगतो आणि वरची माती उडवतो. म्हणूनच पाऊस लागल्यावर सुरू झालं. वॉर्निशचा उपयोग नाही, ओल मागूनही शिरते. उरलेल्या कच्च्या गाळाची पूड करून त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर खात्रीच.

प्रतिसाद:
आमच्याकडे वीटभट्टी होती. चुनखडीच्या मातीची वीट भट्टीतून काढली की लगेच पाण्यात बुडवायचो. भरपूर पाणी एकदम मिळालं की चुना विरून मऊ होतो, सावकाश फुगत नाही. तुमच्या टाइल्सना उशीर झालाय, पण ज्यांना अजून टवका नाही त्या दोन-तीन बुडवून बघा. सगळ्या एकदम नको. पुढच्या वेळी गाळ पातळ कालवून बारीक जाळीतून गाळा. मोठे कण फार नुकसान करतात, पीठ झालेला चुना तेवढा त्रास देत नाही. उद्यमनगरात फौंड्रीला माल पुरवणारी दुकानं आहेत, जाळी तिथे विचारा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. व्हिनेगर टाकलं, चांगलंच फसफसलं. पूड भिंगाखाली धरली तर तांदळाच्या कणीएवढे शंखाचे तुकडे! काठावरच्या गोगलगायी घडवायला मुलं तासन् तास बसली होती आणि त्यांचे शंख आधीच मातीत होते. मुलांना भिंग दिलं तेव्हा टाइल्स फुटल्याचं दुःख निम्मं तरी कमी झालं.

तीन टाइल्स रात्रभर पाण्यात होत्या, आज पाचवा दिवस, अजून टवका नाही. आजींची सायसुद्धा गाळाचीच आहे, ती उद्या बुडवणार आहे. एक विचारायचं राहिलं: पाण्यातून काढल्यावर भिंतीत बसवायच्या आधी किती दिवस वाळू द्यावी? कोल्हापूरच्या या पावसात उन्हाचा काही भरवसा नाही.