बीजगणिताच्या गृहपाठाचे पूर्ण उत्तर ऑनलाइन द्यावे का?

धागाकर्ता:
दहावीची मुले रात्री उशिरा वहीच्या पानाचा फोटो टाकतात आणि थोड्याच वेळात कोणीतरी संपूर्ण उत्तर लिहून देतो. यामागचा हेतू चांगला असला, तरी मुलाने स्वतः कुठवर सोडवले आहे हे पाहिल्याशिवाय पूर्ण उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अलीकडेच एका मुलीने क्ष² = ५क्ष हे समीकरण दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ एवढेच उत्तर काढले होते. मदत करणाऱ्याने अवयव पाडून ० आणि ५ ही दोन्ही मुळे दिली, तिने ती उतरवून घेतली. क्ष ची किंमत शून्य असू शकते, शून्याने भागता येत नाही आणि म्हणूनच तिचे एक मूळ हरवले, हे तिला कोणीच सांगितले नाही. "क्ष शून्य असेल, तर हा भागाकार चालेल का?" एवढे विचारले असते तरी पुरे होते.

प्रतिसाद (असहमत पालक):
त्या मुलीने निदान काही लिहिले तरी होते. क्ष² − ५क्ष + ६ = ० मध्ये मधल्या पदाची फोड करताना गुणाकार ६ आणि बेरीज −५ येईल अशा दोन संख्या शोधायच्या असतात, हेच ज्याला वर्गात कळलेले नाही, ज्याला शिकवणी परवडत नाही आणि ज्याच्या घरात विचारायला कोणी नाही, त्याने कोणता प्रयत्न दाखवायचा? पाठ्यपुस्तकातही सरावसंचाआधी सोडवलेली उदाहरणे असतातच.

धागाकर्ता:
असतात, पण ती सरावसंचातली नसतात. अशा मुलाला क्ष² − ७क्ष + १२ = ० पूर्ण सोडवून दाखवावे, −३ आणि −४ का घेतले तेही लिहावे आणि त्याचे उदाहरण त्यालाच सोडवू द्यावे.

प्रतिसाद (गणित शिक्षिका):
मी धागाकर्त्यांशी सहमत आहे. दहावीच्या गणितात ४०-४० गुणांच्या दोन लेखी परीक्षांखेरीज २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते आणि त्यात गृहपाठही धरला जातो, हा मुद्दा आहेच. पण मला त्याहून मोठे नुकसान वेगळेच दिसते. क्ष ने भागलेली वही समोर आली की उद्याचा तास कशावर घ्यायचा ते मला समजते. बिनचूक उतरवलेल्या वहीवरून काहीच समजत नाही.

प्रतिसाद (असहमत पालक):
बाई, चुकीवरून तास आखणारे शिक्षक सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. माझ्या मुलाच्या वहीत नुसती लाल फुली असते. म्हणून मी पूर्ण उत्तर देतच राहीन, मात्र प्रत्येक पायरीपुढे तिचे कारण लिहीन, कारण ते उतरवून घेणाऱ्या मुलाच्या हाती निदान ते कारण तरी राहील.