अनुभव धागा: रीजन्सी काळातल्या मालिका, कपडे आणि खरा इतिहास

सायली_सोलापूर
काल इस्त्री करता करता 'ब्रिजर्टन'चा, म्हणजे रीजन्सी काळातल्या लंडनवरच्या त्या मालिकेचा, दुसरा सीझन परत लावला. मुंबईहून आलेल्या दोन बहिणींतल्या धाकट्या एडविनाला मराठी आणि हिंदुस्तानी येतं म्हणतात ना, तिथे हात थांबला. पहिल्यांदा आईबरोबर पाहिलं होतं. तिने ते वाक्य मागे नेऊन परत परत ऐकलं, इतका आनंद! मग थोरलीला 'दीदी' म्हणाल्यावर चेहरा पडला तिचा. "अगं, ताई कुठे गेली?"
रीजन्सी, म्हणजे इंग्लंडमधला १८११ ते १८२०, हा काही फार जुना काळ नाही. चित्रं, पत्रं, कपडेसुद्धा जपलेले आहेत. मग का चुकतात? तुम्हाला काय खटकलं, काय आवडलं, लिहा.

रेशीमगाठ
कॉर्सेट!!! पहिल्या सीझनमधलं ते करकचून आवळणं. ड्रेसची कंबर छातीखाली, खाली सगळा घोळ. खरी कंबर दिसणार कुणाला?

मुक्ता_यूके
रेशीमगाठ, अगदी. इंग्लंडमधल्या बाथ शहरात सप्टेंबरात जेन ऑस्टेन (त्या काळातली लेखिका) महोत्सव असतो, त्या मिरवणुकीसाठी मी तेव्हाचा पोशाख स्वतः शिवला. आधी अंगाला सुती शिफ्ट (आतला सैल झगा), त्यावर स्टेज (stays, दोरीने बांधायची ताठ चोळी; कॉर्सेट नंतरचं), मग पेटीकोट, मग झगा. स्टेज उघड्या अंगावर कुणी घालत नसे, घामाने खराब झालं असतं. पुढे मधोमध लाकडी पट्टी, त्यामुळे पाठ आपोआप ताठ. दोरीची भोकं हाताने काजं करतो तशी शिवायची, कारण धातूच्या रिंगा १८२८च्या. त्या रिंगा असल्या की दोरी जोरात ओढता येते. हाताने शिवलेलं काज फाटेल हो! दिवसभर घालून फिरले, जेवले, नाचले.

आजोळ
मुक्ता, फोटो टाक की

भोकरदनकर
कपड्यांतलं कळत नाही, पण दुसरा सीझन १८१४चा. त्याच वर्षी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. हा तोच, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ला आमच्या इथे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर. मुंबईहून आलेल्या मुली लंडनच्या बॉलमध्ये (नाचाच्या समारंभात) नाचतात आणि यातलं अवाक्षर नाही? मला हे सगळ्यात जास्त लागतं.

जुई०७
+१००. आणि ती पांढरी मलमल आली कुठून? ढाक्याची मलमल, काश्मिरी शाली, यावर तर ती फॅशन उभी होती. काश्मिरी शालीची नक्कल स्कॉटलंडमध्ये पेझलीला विणायला लागले, म्हणून त्या कोयरीला जगभर पेझली म्हणतात. आपल्या लुगड्यांवरची कोयरी!
कुकर झाला, येते नंतर

नीलांबरी_लेस्टर
माझं वेगळं मत. ती मालिका मुद्दामच कल्पनेतलं जग दाखवते, राणी शार्लटपासून. हळदीचा सीन लागला आणि मी ढसाढसा रडले. माझ्या लग्नात इथे दोघीच होतो हळद लावायला, मी आणि माझी रूममेट. इतिहास चुकला असेल, मला तो सीन हवा होता.

आजोळ
नीलांबरी ❤️ मिठी तुला

भोकरदनकर
ताई, त्या सीनला माझा विरोध नाही. त्याच्याबरोबर असईही यावी, एवढंच.

रेशीमगाठ
चार वाजताचा थाटाचा चहाही नंतरचा, १८४०च्या आसपासचा. आणि लंडनच्या ऑलमॅक्स क्लबच्या बॉलला, जिथे प्रवेशाच्या पासासाठी मोठमोठे लोक झुरायचे, खायला पातळ पाव-लोणी आणि लेमोनेड! मालिकेत केकचे डोंगर.

आजोळ
पाव-लोणी?? आमच्या बारशालाही याहून बरं असतं 😄

चैत्रपालवी
आपल्याकडच्या पेशवाईच्या मालिकांचं काय? घरात झोपतानाही टिकल्यांच्या नऊवाऱ्या. माझी आत्या बघत बसते आणि निऱ्या चुकल्या की टीव्हीलाच ओरडते.

सायली_सोलापूर
चैत्रपालवी, त्याचा वेगळा धागा काढ ना, आईला पाठवते.

जुई०७
मुक्ता, काजांना दोरा कुठला वापरलास? मला लेकीच्या कॉलेजच्या नाटकासाठी करायचंय

मुक्ता_यूके
लिननचा. मेणावरून ओढून घे, मग गुंता होत नाही. आणि भोक कात्रीने कापू नकोस, टोच्याने धागे बाजूला सार, कापड टिकतं. फोटो रात्री टाकते, आत्ता ट्रेनमध्ये आहे.